शास्त्रीबुवा गेले, माडीवरच्या पोथ्यांचं काय?

या महिन्यात एकाच विषयावर इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलावे लागले, त्या वाचकांनी कृपया समजून घ्यावं. मागच्या अंकात जुन्या पोथ्या घरी कशा सांभाळायच्या यावर थोडं लिहिलं होतं, त्यावरूनच ही पत्रं आलीत. घरात कुणी शास्त्री, पुराणिक, कीर्तनकार होऊन गेले, त्यांनी जन्मभर पुस्तकं जमवली, आणि आता त्यांचं करायचं काय हा प्रश्न घरच्यांपुढे आहे. पाच पत्रं निवडली आहेत. पहिलं जरा सविस्तर घेते कारण बहुतेक घरांची गोष्ट तीच आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझे सासरे जुन्या पद्धतीने शिकलेले शास्त्री होते, धर्मशास्त्र आणि व्याकरण शिकवायचे. मागच्या श्रावणात गेले. आता वाडा बिल्डरला द्यायचं ठरलंय आणि दिवाळीच्या आत माडी रिकामी करायचीय. माडीवर ३ कपाटं भरून छापील पुस्तकं आहेत, २ लोखंडी ट्रंका आहेत आणि लाल कापडात बांधलेले पोथ्यांचे साधारण ६० रुमाल (गाठोडी) आहेत. मोठे दीर म्हणतात संस्कृत आता घरात येतं कुणाला, रद्दीवाल्याला बोलवा. नणंद म्हणते पुण्याला भांडारकर संशोधन संस्थेत देऊन टाकू. आणि एक गृहस्थ दोनदा येऊन गेले, ते फक्त रुमाल विकत घेतो म्हणतात, तेही त्यातले निवडून, रोख पैसे देतो म्हणतात. मामंजी रोज सकाळी त्या पोथ्यांना हात लावून नमस्कार करायचे, ते डोळ्यांपुढून जात नाही. काय करू? — एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, सगळ्यात आधी एवढं करा, यादी होईपर्यंत माडीवरून एकही कागद खाली उतरू देऊ नका. रद्दीवाल्याकडे नाही, त्या गृहस्थांकडे नाही, आणि भांडारकरकडेसुद्धा नाही. ६० रुमाल आणि ३ कपाटं म्हणजे फार वाटतं खरं, पण दोन माणसं रोज संध्याकाळी दोन तास बसली की तीन-चार आठवड्यांत काम उरकतं, मी स्वतः केलंय म्हणून सांगते.

एवढं ठासून का सांगतेय त्याचं कारण आहे. मी ज्यांच्याकडे थोडंफार संस्कृत शिकले ते गुरुजी गेले तेव्हा आम्ही सगळेच शिष्य दूर होतो. महिन्याभरात संग्रहाचे तीन भाग झाले. पोथ्या एकाने नेल्या, चांगल्या बांधणीची पुस्तकं एका ठिकाणी दिली, उरलेलं रद्दीत गेलं. माझ्या वाट्याला त्यांची टिपणांची एक वही आली. ती उघडली की दर पानावर असं काहीतरी असतं, ‘पाठभेद रुमाल ७, पत्र १२ वर पाहा’ (पाठभेद म्हणजे दुसऱ्या प्रतीतला वेगळा शब्द, पत्र म्हणजे पोथीचं पान), ‘हेच मत त्या तांबड्या पुस्तकात समासात लिहिलंय’. वही माझ्याकडे आहे, रुमाल ७ कुठे आहे ते आज कुणालाच माहीत नाही, आणि तांबडं पुस्तक कुठलं हेही आता कळायला मार्ग नाही. गुरुजींनी ४० वर्षं केलेला विचार वही, पोथी आणि छापील पुस्तक अशा तिघांच्या मध्ये होता, तिघांची ताटातूट झाली आणि तो विचारच गेला. आजही ती वही हातात घेतली की जीव कळवळतो. म्हणून निवडून नेणाऱ्या माणसाला मी कधीच हो म्हणू देणार नाही, पैसे कितीही देऊ देत.

आता यादी कशी करायची. जे जिथे आहे तसे आधी फोटो काढा, कपाटाचा प्रत्येक खण, ट्रंकेचं झाकण उघडल्यावर दिसतं ते, सगळं. कारण मामंजींनी पुस्तकं कुठल्या क्रमाने लावली होती हीसुद्धा माहितीच आहे. मग प्रत्येक रुमालाला एक नंबर द्या, कागदाची चिठ्ठी करून पेन्सिलने लिहा आणि आत सरकवा, पोथीवर काहीही लिहू नका, चिकटवू नका. रुमाल उघडलात की पहिलं पान, शेवटचं पान आणि एकूण पानं किती एवढंच नोंदवा. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद करून मोबाईलवर फोटो काढलात तरी पुरतं. वाचता आलं नाही तर नाही, त्याची लाज वाटून घेऊ नका, फोटो आणि पानांची संख्या असली की जाणकार माणूस घरी बसून नाव सांगू शकतो.

पोथीच्या पानाच्या मागच्या बाजूला डावीकडे वरच्या समासात ग्रंथाचं नाव तोडून लिहिलेलं असतं, दोन-तीन अक्षरं, आणि त्याखाली पानाचा आकडा. उजवीकडे खालच्या कोपऱ्यात पुन्हा आकडा आणि बरेचदा त्यावर ‘राम’ किंवा ‘हरि’ असं लिहिलेलं असतं. आकडा पत्राला असतो, म्हणजे दोन्ही बाजू मिळून एक, हे लक्षात ठेवा नाहीतर मोजणी दुप्पट होते. शेवटच्या पानावर बहुतेक वेळा लिहिणाऱ्याचं नाव, गाव, शक आणि संवत्सर असतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, महिन्याप्रमाणे एखाद्या वर्षाचा फरक पडतो तेवढाच. एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तो शक १५०६ नोंदवून ठेवलाय म्हणून तर आपल्याला १५८४ हे साल ठाऊक आहे. तुमच्या माडीवर कुणी काय लिहून ठेवलंय ते शेवटचं पान बघितल्याशिवाय कळणार नाही.

पानांवर मधेच पिवळे पट्टे दिसतील. डाग समजून ते पुसू नका, तो हरताळ आहे. लिहिताना अक्षर चुकलं की त्यावर हरताळ फासून वर नवीन अक्षर लिहायचे, आपण बोलताना ‘हरताळ फासला’ म्हणतो ते तिथूनच आलंय. हरताळ विषारी असतो, त्यामुळे बोट जिभेला लावून पान उलटायची सवय घरात कुणाला असेल तर ती इथे बंद, आणि काम झाल्यावर हात धुवायचे. ओलं फडकं तर जवळही आणू नका, काजळीची शाई पाणी लागलं की पसरते. सेलोटेप नको, लॅमिनेशन अजिबात नको, कडक उन्हात वाळवणं नको. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा, कसर किंवा वाळवी लागलेला रुमाल वेगळा ठेवा म्हणजे बाकीच्यांना लागण होत नाही, आणि पुन्हा बांधताना घट्ट बांधा. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी एक श्लोक लिहायचे, ‘तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात्’, तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधण्यापासून मला वाचव असं पुस्तकच म्हणतंय. पुढची ओळ आहे ‘मूर्खहस्ते न दातव्या’. ती दीरांना वाचून दाखवा असं मी म्हणणार नाही, त्यांचं चुकतंय ते माहिती नसल्यामुळे, मनात वाईट नाही.

अजून एक गोष्ट, ६० च्या ६० रुमाल हस्तलिखितंच असतील असं नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुण्यात शिळाछापावर, म्हणजे दगडावरून छापून, भरपूर पोथ्या निघाल्या, अक्षर हाताचंच दिसतं, पानंही सुटी आणि आडवी असतात, त्यामुळे भलेभले फसतात. सगळ्या पानांवर शाई एकसारखी काळी, सगळ्या पानांना तीच चौकट, आणि शेवटी छापखान्याचं नाव असेल तर ती शिळाछाप. टाकून द्यायची तर तीही नाही, फक्त यादीत वेगळी लिहायची. आणि कपाटातल्या निर्णयसागर, आनंदाश्रम वगैरे जुन्या प्रकाशनांच्या छापील आवृत्त्या इतरत्र मिळतात म्हणून कमी लेखू नका, समासात मामंजींचं अक्षर असेल तर ती प्रत जगात एकच आहे. समास बघितल्याशिवाय एकही पुस्तक बाजूला काढू नका.

त्या गृहस्थांबद्दल. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यात ७५ वर्षांहून जुनं, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं हस्तलिखित हे पुराणवस्तूत मोडतं. त्याचा व्यापार करायला लायसन्स लागतं आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा त्यांना लायसन्स दाखवा म्हणून सरळ विचारा आणि माल कुठे जाणार ते लेखी मागा. खरा अभ्यासक असेल तर राग मानणार नाही, तो उलट यादीला मदत करेल.

द्यायचं कुठे हा शेवटचा मुद्दा. नणंदबाईंचा विचार चांगला आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ साली सुरू झालं, रामकृष्णपंत भांडारकरांनी स्वतःचा ग्रंथसंग्रह त्या संस्थेला दिला, आणि मुंबई सरकारने जमवलेली हस्तलिखितं डेक्कन कॉलेजातून १९१८ साली तिथे आली. मला तिथली एक गोष्ट फार आवडते, त्या सरकारी संग्रहातल्या पोथीचा नंबर सांगताना आजही ती कुठल्या वर्षी जमा झालेल्या संग्रहातली हे सोबत सांगतात, जुन्या विश्रामबाग पाठशाळेतून आलेल्या पोथ्यांवर तसा उल्लेख राहतो. म्हणजे शंभर-दीडशे वर्षांनीसुद्धा पोथी कुठून आली तो माग पुसला जात नाही. तुम्ही सातारा जिल्ह्यातल्या आहात तर वाईची प्राज्ञपाठशाळाही आहे, धर्मकोशाचं, म्हणजे धर्मशास्त्रातल्या वचनांच्या मोठ्या कोशाचं काम जिथे झालं, आणि मामंजींचा विषय धर्मशास्त्रच. पण कुठेही टेम्पो घेऊन जाऊन उभं राहू नका. आधी यादी पाठवा, काय घ्याल, कुठे ठेवाल, यादी कधी बनवाल ते विचारा. बऱ्याच संस्थांकडे जागा नसते आणि छापील पुस्तकांच्या दुसऱ्या प्रती नको असतात, ते त्यांनी आधीच सांगितलेलं बरं.

देताना साधं दानपत्र करा. सगळ्या वारसांच्या सह्या, यादी जोडलेली, दोन प्रती, एकीवर संस्थेची सही आणि शिक्का घेऊन घरी ठेवायची. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहा. संग्रह मामंजींच्या नावाने एकत्र ओळखला जाईल. अभ्यासकांना बघायला मिळेल. आणि त्यातलं काही काढून टाकायचं झालं तर आधी घरच्यांना विचारलं जाईल. दिवाळीपर्यंत संस्थेचं उत्तर आलं नाही तर कोरड्या खोलीत, भिंतीपासून लांब, जमिनीपासून वर ठेवा आणि थांबा. घाईत दिलेलं परत येत नाही.

प्रश्न : मी ७८ वर्षांचा आहे. वेदान्त शिकलो, शिकवलं, चार हजारांच्या आसपास ग्रंथ आहेत. दोन्ही मुलं परदेशी, नातवंडांना मराठी वाचता येत नाही. मुलं म्हणतात बाबा तुम्ही काळजी करू नका, आम्ही बघू. पण काळजी वाटतेच. — एक वाचक, नाशिक

उत्तर : शास्त्रीजी, आधी नमस्कार. तुम्ही स्वतः लिहिलंत याचा मला किती आनंद झाला सांगू, कारण बाकीची चारही पत्रं माणूस गेल्यावरची आहेत. तुमच्या हातात जे आहे ते त्या कुणाच्याच हातात नाही, कुठला ग्रंथ का घेतला, कुणी दिला, कुठली टीका कुठल्या प्रतीशी लावून वाचली, हे सांगणारा माणूस हजर आहे.

म्हणून ‘आम्ही बघू’वर सोडू नका. मुलं प्रेमाने म्हणतात, पण पंधरा दिवसांची रजा काढून आलेला मुलगा चार हजार ग्रंथांचं काय बघणार? काशीला सतराव्या शतकात कवींद्राचार्य सरस्वती होते, मूळचे आपल्या गोदाकाठचे, शहाजहानकडून काशी-प्रयागच्या यात्रेकरूंवरचा कर माफ करून घेतला तेच. त्यांचा ग्रंथसंग्रह त्या काळातल्या मोठ्यात मोठ्या संग्रहांपैकी. आज त्यांच्या पोथ्या वेगवेगळ्या ग्रंथालयांत विखुरलेल्या आहेत, आणि त्या त्यांच्याच हे कळतं दोनच गोष्टींमुळे. पोथ्यांवर त्यांचं नाव लिहिलेलं आहे, आणि संग्रहाची एक यादी टिकली, जी १९२१ साली बडोद्याहून छापली गेली. संग्रह फुटला पण यादीमुळे त्यात काय होतं ते तरी कळतं. बादशहाशी बोलू शकणाऱ्या माणसाच्या संग्रहाची ही गत झाली तर आपल्या घरातल्या कपाटांचं काय होईल याचा विचार आत्ताच करायला हवा.

याउलट तंजावरचं सरस्वती महाल बघा. तिथल्या मराठा राजघराण्यातल्या सरफोजीराजांनी वाढवलेलं ते ग्रंथालय, पण त्यात जंबुनाथभट लांडगे, कागलकर, पतंग अवधूत यांचे खाजगी संग्रहही मिळाले आणि ते त्यांच्या नावाने ओळखले जातात. आपली माणसं एवढ्या लांब तमिळ मुलखात, पण नाव राहिलं.

तुम्ही तीन कामं करा. रोज एका शिष्याला किंवा शेजारच्या कॉलेजातल्या मुलामुलीला बसवा आणि दहा-दहा ग्रंथांबद्दल बोला, मोबाईलवर रेकॉर्ड करा, या ग्रंथावर माझी टिपणं आहेत, ही प्रत गुरूंची आहे, यात अमुक पान चुकीचं बांधलंय, असं जे आठवेल ते. दुसरं, प्रत्येक ग्रंथाच्या आतल्या पानावर पेन्सिलने नाव घाला. तिसरं, लेखी ठरवा. मृत्युपत्र असेल तर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण केलेलं बरं, आणि ‘माझी पुस्तकं योग्य ठिकाणी द्यावीत’ असं मोघम लिहू नका, संस्थेचं नाव लिहा आणि त्या संस्थेची आधी लेखी संमती घ्या. माझं मत विचाराल तर याहून चांगलं म्हणजे हयातीतच देऊन टाकणं, रोज लागणारी शे-दोनशे पुस्तकं मागे ठेवून. दिलेल्या ठिकाणी जाऊन स्वतः कपाटात लावून द्या. तुमच्या डोळ्यांदेखत लागलेलं कपाट सहसा कुणी मोडत नाही.

प्रश्न : वडील नारदीय कीर्तनकार होते. ३७ वह्या आहेत. पूर्वरंगातल्या निरूपणाची टिपणं, उत्तररंगात सांगायची आख्यानं, स्वतः रचलेली साक्या-दिंड्यांसारखी पद्यं. एक प्रकाशक छापायला मागतायत, वह्या द्या म्हणतात, थोडे पैसे देतो म्हणतात. बहिणीला सांगायची गरज आहे का? — एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : दादा, बहिणीला सांगायचीच. मृत्युपत्र नसेल तर आई, तुम्ही आणि बहीण, सगळ्यांचा सारखा हक्क, वह्यांवरही आणि त्यातल्या लेखनावरही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे आधी नीट समजून घ्या. वही ही वस्तू, लेखनाचा कॉपीराइट हा हक्क. वही कुणाला दिली म्हणून छापायचा हक्क आपोआप जात नाही. फक्त वडिलांनी मृत्युपत्रात अप्रकाशित वह्या कुणाच्या नावे केल्या असतील तर, वेगळं काही लिहिलेलं नसल्यास, कॉपीराइटही त्यालाच जातो.

संतांचे अभंग सगळ्यांचे आहेत, त्यावर कुणाचा हक्क नाही. पण वडिलांचं निरूपण, त्यांची आख्यानाची मांडणी, त्यांच्या साक्या हे त्यांचं. आणि जे हयातीत छापलं नाही ते पहिल्यांदा छापल्यापासून ६० वर्षं कॉपीराइट राहतो. प्रकाशकाशी करार लेखी करा. किती वर्षांसाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहा, मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारत. मूळ वह्या मात्र द्यायच्या नाहीत, स्कॅन करून द्या. छापखान्यात गेलेली मूळ वही परत आली नाही अशी तीन घरं मला माहीत आहेत.

वह्यांच्या कडेला तारखा आणि गावांची नावं असतील बघा, कुठल्या उत्सवात कुठलं आख्यान लावलं ते. छापताना हे गाळू देऊ नका. वर्षानुवर्षांचा गावोगावच्या उत्सवांचा हिशेब त्यात आहे, एखाद्या अभ्यासकाला तो आख्यानापेक्षाही मोलाचा वाटेल.

प्रश्न : आम्ही आजोबांचा सगळा संग्रह १५ वर्षांपूर्वी एका संस्थेला दिला. मागच्या महिन्यात बघायला गेलो तर निम्मी पुस्तकं जिन्याखाली पोत्यांत. कुठे तक्रार करू? खूप रडू आलं. — एक वाचक, पुणे

उत्तर : रडू येणारच, मला वाचतानाच गलबलून आलं. पण तक्रारीने सुरुवात करू नका. तुमच्याकडे देतानाची यादी आणि पोच आहे का ते शोधा. असेल तर तिच्या आधारे लेखी विचारा, की अमुक तारखेला एवढे ग्रंथ दिले, आज नोंद किती ग्रंथांची झाली आणि उरलेल्यांची कधी होणार. बहुतेक ठिकाणी माणूसच नसतो, एकटा ग्रंथपाल आणि हजारो पुस्तकं. म्हणून सोबत हेही लिहा की आम्ही घरचे चार जण दर रविवारी येऊन यादी करून देतो, कपाटाचा खर्च उचलतो. मी पाहिलंय की अशा पत्राला नाही म्हणणं कठीण जातं. तरीही उत्तर नाही आलं तर विश्वस्तांना लिहा, आणि संस्थेला सांभाळणं जमत नसेल तर संग्रह दुसऱ्या संस्थेकडे द्यायची परवानगी मागा.

धुळ्याची गोष्ट सांगते. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला तिथे वारले, आणि त्यांचे कागद जपायला १९२७ मध्ये तिथल्याच लोकांनी राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी मठांमधून हस्तलिखितांची बाडं गोळा करून आणली, त्यातून समर्थ वाग्देवता मंदिर झालं. ही कामं गावातल्या माणसांनी केली, अंगमेहनतीने. तुमच्या आजोबांची पोती अजून जिन्याखाली आहेत म्हणजे अजून आहेत. पावसाळ्याच्या आत ती जमिनीवरून वर उचलून ठेवायची परवानगी तेवढी उद्याच मागा, बाकी पत्रव्यवहार नंतर.

प्रश्न : आजीने सांगितलंय की पंजोबांच्या जीर्ण पोथ्या नदीत विसर्जित करायच्या, घरात ठेवणं बरं नाही. एक रुमाल आहे, पानांचे तुकडे पडतायत. महाभारतातलं काहीतरी आहे म्हणतात, ते तर सगळीकडे छापील मिळतं. करू का विसर्जन? — एक वाचक, पंढरपूर

उत्तर : नका करू. आजींचा भाव मला कळतो, पोथी पायदळी जाऊ नये, रद्दीत जाऊ नये म्हणून त्या सांगतायत. छापील स्तोत्रांची फाटकी पुस्तकं असती तर मी काही बोलले नसते. पण हाताने लिहिलेली पोथी पाण्यात सोडली की ती गेली.

आणि ‘महाभारत काय, सगळीकडे मिळतं’ याबद्दल. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, १९१९ ला काम सुरू झालं आणि १९६६ ला पूर्ण झालं, त्यासाठी १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली. एकाच ग्रंथाची! कारण प्रत्येक लिहिणाऱ्याने कुठे एक शब्द बदललेला असतो, कुठे ओळ गाळलेली असते, कुठे श्लोक वाढवलेला असतो, आणि ते सगळं शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय मूळ पाठ हाती लागत नाही. त्या १,२५९ पोथ्यांमध्येही कुणाच्या तरी पंजोबांच्या जीर्ण पोथ्या असणारच.

आजींना सांगा की पोथी घरात ठेवायची नसेल तर देवळासारख्या ठिकाणी पाठवतोय, जिथे तिची रोज झाडलोट होते. पानं आत्ता उलटू नका, तुकडे पडतायत ना. आहेत तशी दोन सपाट पुठ्ठ्यांमध्ये ठेवा, वर स्वच्छ सुती कापड बांधा, पडलेले तुकडे कागदाच्या पाकिटात घालून त्यातच ठेवा, एकही फेकू नका. पोथ्यांचं जतन करणारी माणसं असे तुकडे जुळवतात. सगळ्यात वरचं आणि सगळ्यात खालचं पान जसं दिसतंय तसा त्याचा फोटो काढून मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. शेवटच्या पानावर पंजोबांचं नाव आणि शक असेल तर मी वाचून कळवते, तोपर्यंत रुमाल देवघराच्या वरच्या फळीवर राहू दे, तेलाच्या दिव्यापासून लांब.